आजोबांचा यशिका दुरुस्त करावा की चोर बाजारातून कॅनन आणावा?

डोंबिवलीच्या घरी कपाट आवरताना आजोबांचे दोन कॅमेरे निघाले, एक यशिका इलेक्ट्रो ३५ आणि एक अ‍ॅग्फा क्लिक थ्री. हाताशी १२,००० रुपये आहेत, पण मन बसलंय कॅनन एई-१ वर, आणि चोर बाजारात एक बघूनही ठेवलाय. तो घ्यावा का, घेताना काय तपासावं, घरच्या कॅमेऱ्यांचं काय करावं आणि रोलचा हा नाद आज परवडतो का, असं तुम्ही विचारलंत.

आधी निकाल सांगून टाकतो. एई-१ सध्या राहू द्या. यशिका कुणा जाणकार कारागिराला दाखवा, दुरुस्त होण्यासारखा असेल तर करून घ्या आणि उरलेले पैसे रोलवर घाला.

जुने कॅमेरे उघडणं, साफ करणं आणि पुन्हा चालते करणं हेच माझं काम. टेबलावर येणाऱ्या कॅमेऱ्यांत नावाने मोठे आणि आतून कामातून गेलेले बरेच असतात. मुंबईत जुना कॅमेरा घेताना ब्रँड सगळ्यात शेवटी बघावा. गेली तीस-चाळीस वर्षं तो कुठे आणि कसा ठेवला होता, हे आधी. बिघडला तर तो उघडणारा माणूस आणि त्याला लागणारा सुटा भाग मिळेल का, हे त्यानंतर. आजोबांच्या यशिकाचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. बाजारातल्या कॅननचा विकणाऱ्यालाही ठाऊक नसतो.

इलेक्ट्रो ३५ ही मालिका १९६६ साली सुरू झाली. त्यातलं सर्वांत जास्त दिसणारं जीएसएन मॉडेल १९७३ चं. ४५ मिलिमीटरची एफ १.७ लेन्स, म्हणजे कमी उजेडातही काम देणारी. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) तुम्ही लावायचं, शटरचा वेग कॅमेरा स्वतः ठरवतो. मूळचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही, आणि ‘सेल मिळत नाही’ एवढ्यावर लोक हा कॅमेरा भंगारात काढतात. त्याची गरज नाही. ४एलआर४४ नावाचा ६ व्होल्टचा सेल मिळतो. तो लहान असतो, म्हणून उरलेली जागा भरणारं अ‍ॅडॉप्टर लागतं. व्होल्टेजमधला हा थोडा फरक या कॅमेऱ्याचं सर्किट चालवून घेतं. सेल घालण्याआधी कप्पा उघडून बघा. हिरवी-पांढरी पूड जमली असेल तर कान साफ करायच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन पत्री पुसा, मग कोरडी करा. त्यानंतर बॅटरी चेकचं बटण दाबा. दिवा लागला तर अर्धी लढाई जिंकलात.

आता रोल पुढे सरकवायचा लिव्हर ओढा आणि कान द्या. शेवटी आतून ‘टक्’ असा स्पष्ट आवाज यायला हवा. आला नाही तर आतलं एक छोटं रबरी पॅड विरघळलंय असं समजा. या मॉडेलचं हे ठरलेलं दुखणं आहे. पॅड विरघळलं की वेग चुकतात, उजेड मोजणाऱ्या मीटरचे दिवे भलतंच सांगू लागतात आणि माणूस सर्किट गेलं म्हणून हात टेकतो. पॅड काही पैशांचं असतं, तिथपर्यंत पोचण्याची मजुरी द्यावी लागते. दुरुस्तीला देताना कारागिराला हे पॅड माहीत आहे का, एवढं विचारा. चेहरा कोरा दिसला तर कॅमेरा परत पिशवीत.

आणखी एक. सेल नसला तरी या कॅमेऱ्याचं शटर चालतं, फक्त वेग एकच, १/५०० सेकंद. म्हणजे २०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे उजेड टिपण्याची फिल्मची क्षमता) रोल घालून भर उन्हात एफ ११, विरळ ढगात एफ ८, आणि आभाळ भरून आलं की एफ ४ असं लावून तुम्ही सेलशिवायही फोटो काढू शकता. फोकसची परीक्षा घरीच होते. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या, मधोमध एक पिवळट ठिपका आहे, त्यात वस्तू दुहेरी दिसते. फोकस अनंतावर लावा आणि दूरच्या टॉवरची उभी कड बघा. दोन कडा एकावर एक बसल्या नाहीत तर रेंजफाइंडर, म्हणजे अंतर जुळवणारी यंत्रणा, हललाय. हे काम किरकोळ असतं.

अ‍ॅग्फा क्लिक थ्रीबद्दल थोडक्यात. हे कॅमेरे बडोद्याला तयार व्हायचे, आणि मराठी घरांतल्या मुंज, बारसं, माथेरानची सहल अशा कितीतरी चौकोनी काळ्या-पांढऱ्या फोटोंमागे तेच आहेत. १२० चा रुंद रोल, १२ फोटो. हा रोल आजही मिळतो, म्हणून हा कॅमेरा जिवंत आहे. मागच्या लाल खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा आणि आकडा बघण्यापुरतीच काढा, कारण आजचे बहुतेक रोल लाल उजेडालाही संवेदनशील असतात. १०० आयएसओचा रोल, ऊन, पाठीवर सूर्य आणि समोरचा माणूस चार पावलं लांब: याच्याकडून एवढीच अपेक्षा ठेवा, मग तो खूश करतो. इतरांच्या घरी जुने कोडॅक निघतात, त्यांतले बरेच ६२० च्या रोलचे असतात. तो रोल कोडॅकने १९९५ मध्ये बंद केला. फिल्मची रुंदी १२० इतकीच आहे, फक्त स्पूल बारीक. त्यामुळे अंधारात १२० ची फिल्म ६२० च्या स्पूलवर गुंडाळून काम भागवता येतं, पण त्यासाठी जुना रिकामा स्पूल जपलेला हवा.

एई-१ ला माझा विरोध का, तर कॅमेरा वाईट म्हणून मुळीच नाही. १९७६ चा तो उत्तम कॅमेरा आहे. पण तो पूर्णपणे विजेवर चालतो. सेल संपला की शटरसुद्धा उघडत नाही. आतलं सर्किट गेलं तर दुसरा मेलेला एई-१ फोडून भाग काढावा लागतो. शिवाय या मॉडेलला एक खोकला जडतो: शटर दाबलं की आरशाजवळून चिरका आवाज येतो, कारण आतल्या दातेरी चाकांचं तेल सुकलेलं असतं. ते दुरुस्त होतं, पण विकणारा ‘जुन्या कॅमेऱ्याचा असाच आवाज असतो साहेब’ म्हणून वेळ मारून नेतो. आणि आज त्याची जी किंमत सांगतात, ती त्याच्या कामापेक्षा त्याच्या देखणेपणाची आहे.

पुढेमागे एसएलआर (आरशातून थेट लेन्समधलं दृश्य दाखवणारा कॅमेरा) हवाच असेल तर यांत्रिक शटरचा घ्या. पेंटॅक्स के१००० (१९७६ ते १९९७ इतकी वर्षं बनत होता, यावरून ओळखा), निकॉन एफएम किंवा एफएम२, मिनोल्टा एसआरटी. यांत सेल फक्त मीटरपुरता. तो मेला तरी शटर सगळ्या वेगांवर धावतं. निकॉन एफएम१० कडे संग्राहक ढुंकूनही बघत नाहीत, कारण तो प्लॅस्टिकचा आहे आणि निकॉनने तो कोसिना कंपनीकडून बनवून घेतला होता. मी मात्र नवशिक्याला हाच बघायला सांगतो. फोटोग्राफी शिकणाऱ्या कितीतरी मुलांनी आपल्याकडे तो वापरला, त्यामुळे चांगल्या अवस्थेतला अजून निघतो, आणि निकॉनच्या जुन्या हाताने फोकस करायच्या बऱ्याच लेन्स त्याला बसतात. नुसता फिरता-फिरता फोटो काढायचा कॅमेरा हवा असेल तर ऑलिंपस ट्रिप ३५. त्याला सेलच लागत नाही. लेन्सभोवतीच्या जाळीदार काचेमागे सेलेनियमचं मीटर आहे, ते उजेडावरच चालतं. लेन्सवर हात ठेवून शटर दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल झेंडी वर आली आणि शटर अडलं तर मीटर जिवंत आहे असं समजायला हरकत नाही. झेंडी आली नाही तर पुढे जा.

आता बाजारात उभं राहून काय बघायचं ते. फोर्टात बोरा बाजार परिसरात कॅमेऱ्याची दुकानं आहेत, तिथे भाव जरा चढा पण माल तपासू देतात आणि उद्या परत जाऊन भांडता येतं. चोर बाजारात, मटण स्ट्रीटच्या आसपास, शोधण्याची मजा आहे. शुक्रवारी पहाटे रस्त्यावर भरणारा जुमा बाजार तर वेगळंच प्रकरण. पण तिथे घेतलेला कॅमेरा ‘चालत नसणार’ हे गृहीत धरूनच पैसे मोजा.

मोबाइलचा टॉर्च आणि एक स्वच्छ मऊ फडकं सोबत ठेवा. लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, शटर ‘बी’वर (दाबलेलं असेतो शटर उघडं ठेवणारी खूण) लावून दाबून धरा, मागचं दार उघडून एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. धुळीचे कण दिसले तर सोडून द्या, त्याने काही बिघडत नाही. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडाही चालेल. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र फोटोत उतरू शकतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या फांद्यांसारखे पांढरट धागे दिसले तर तो फंगस. सगळीकडे दुधाळ पडदा दिसला तर आतल्या तेलाची वाफ बसलीय किंवा दोन चिकटवलेल्या काचा सुटू लागल्यात. पहिलं साफ होतं, दुसऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

मग वेग. एक सेकंदापासून सुरुवात करा, कारण जुन्या कॅमेऱ्याचं म्हातारपण मंद वेगांत आधी दिसतं. एक सेकंद, अर्धा, पाव असं कानाने मोजत जा. आवाज घरघरत मध्येच अडकला तर तेल सुकलंय. विकणारे मुद्दाम १/२५० वर शटर मारून दाखवतात, तिथे सगळेच कॅमेरे तरुण वाटतात. लेन्समध्ये पात्यांचं शटर असेल तर पात्यांवर तेलाची चमक आहे का बघा. कापडी पडद्याचं शटर असेल तर पडदा उजेडासमोर धरून टाचणीएवढी छिद्रं शोधा. मागच्या दाराच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर घाबरू नका, तो बदलणं सोपं आणि स्वस्त. फक्त भाव पाडायला त्याचा उपयोग करा.

सोव्हिएत काळातले कॅमेरेही पुढे येतील: झेनिट, झोर्की, फेड. मजबूत असतात, झेनिटवरची हेलिऑस लेन्स तर फार गोड फोटो देते. पण झोर्की ४ किंवा फेड ३ हातात घेतलात तर आधी लिव्हर किंवा नॉब फिरवून शटर चढवा आणि मगच वेग बदला. उलट केलंत तर आतली यंत्रणा मोडू शकते. आणि कुणी कपड्यात गुंडाळलेला सोनेरी ‘लायका’ (नामांकित जर्मन कॅमेरा) काढला, वर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचं चिन्ह किंवा गरुड कोरलेला असला, तर हसून नमस्कार करा. ते बहुतेक वेळा फेड किंवा झोर्कीच असतात, नवा मुलामा चढवलेले. लेन्स काढून आत बघा: लेन्स आट्यांनी बसणाऱ्या खऱ्या जुन्या लायकात रेंजफाइंडरच्या दांडीच्या टोकाला छोटं गोल चाक असतं, सोव्हिएत कॅमेऱ्यात तिथे चपटा निमुळता तुकडा दिसतो.

फंगसबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण मुंबईत कॅमेरा वापराने कमी आणि हवेने जास्त मरतो. जून ते सप्टेंबर इथली हवा ओली चिंब असते, आणि आपण काय करतो, तर कॅमेरा चामड्याच्या कव्हरमध्ये घालून, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, कपाटाच्या तळाशी ठेवतो. चामडी कव्हर म्हणजे फंगसचं माहेरघर. आजोबांचं कव्हर आठवण म्हणून वेगळं ठेवा, कॅमेरा त्यात ठेवू नका. फंगस वाढताना आम्ल सोडतो आणि ते काचेवरचा थर खातं. सुरुवातीचा फंगस साफ होतो. थर खाल्ला गेला असेल तर साफ केल्यावरही डाग उरतो. म्हणून यशिकाची लेन्स आत्ताच टॉर्चने बघा. तीन महिन्यांनी, पावसानंतर बघू, असं करू नका.

उपाय फार महाग नाही. घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रता मोजायचं यंत्र. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. अगदी कोरडं करणंही बरं नाही, वंगण सुकतं. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतं, पण त्यासाठी स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका. तांदळात कॅमेरा पुरण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तांदळाची पूड फोकसच्या आट्यांत जाते. डांबराच्या गोळ्याही नकोत. कॅमेरे पाच-सहाच्या पुढे गेले की ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) घ्या. आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दर आठवड्याला कॅमेरा बाहेर काढून सगळे वेग दोन-दोनदा मारणं. (मुंबईच्याच दिलीश पारेख यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांच्या संग्रहाची गिनीज बुकात नोंद आहे. एवढे सगळे कॅमेरे या हवेत सांभाळायचे, या कल्पनेनेच माझा जीव दडपतो.)

रोलचा खर्च. रंगीत ३५ मिलिमीटरचा रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून आज हजाराच्या वर सहज जातं, म्हणजे दर फोटोला तीसेक रुपये. तुमच्या १२,००० मधून दुरुस्ती वजा केली तर वर्षभर अधूनमधून एक रोल घालता येईल. एई-१ घेतलात तर पहिल्या एक-दोन रोलनंतरच हात आखडेल, असं माझं गणित आहे. उन्हाळ्यात कोडॅक गोल्ड २००, पावसात आणि घरात ४०० चा रोल. काळ्या-पांढऱ्यासाठी इलफर्डचा एचपी५ घ्या. एक्सपोजर थोडं चुकलं तरी तो सांभाळून घेतो.

स्वस्तात मिळणारे काही रोल सिनेमाच्या फिल्मपासून गुंडाळलेले असतात. वाईट नाहीत, पण त्यांतल्या बऱ्याच फिल्मच्या पाठीवर रेमजेट नावाचा काळा थर असतो. तसा रोल नेहमीच्या रंगीत धुलाईत गेला तर लॅबचं रसायन खराब होतं. देताना लॅबला सांगा, आणि ते नाही म्हणाले तर वाद घालू नका. चोर बाजारातले मुदत संपलेले रोल घेऊ नका. मुंबईच्या गरमीत वीस वर्षं पडलेल्या फिल्मवर धुकं सोडून काही येत नाही. उटीच्या सरकारी कारखान्यात तयार झालेला ‘इंदू’चा रोल सापडला तर मात्र जरूर घ्या, शोकेसमध्ये ठेवायला.

रोल फ्रिजमध्ये ठेवत असाल तर घट्ट डब्यात ठेवा, आणि बाहेर काढल्यावर दोन तास तरी उघडू नका. नाहीतर फिल्मवर दव धरतं. एसी गाडीतून पावसाळी हवेत उतरलात की लेन्सचंही तेच होतं, पाच-दहा मिनिटं थांबा. आणि लॅबमधून निगेटिव्ह परत मागा. स्कॅन मोबाइलवर आले की लोक निगेटिव्ह न्यायला जातच नाहीत, लॅबवाले काही दिवसांनी टाकून देतात. आजोबांच्या निगेटिव्ह सापडल्या असतील तर त्याही जपा, त्या कॅमेऱ्याहून मोलाच्या आहेत.

घरी काळा-पांढरा रोल धुवायची हौस पुढे लागेलच. तेव्हा एवढं लक्षात ठेवा की डबीवरचे वेळ २० अंशांचे असतात आणि मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी त्याहून खूपच गरम असतं. बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवून सगळी रसायनं आणि धुवायचं पाणीसुद्धा एकाच तापमानाला आणा.

मजा कशी घ्यायची, असंही विचारलंत. एक कॅमेरा, एक प्रकारचा रोल, निदान एक पूर्ण मोसम. मीटरवर विसंबण्याआधी उजेड वाचायला शिका: २०० चा रोल, १/२५०, भर उन्हात एफ १६. पण डिसेंबर-जानेवारीत मुंबईवर जे धुरकट आवरण असतं त्यात एफ ११ धरा. फोर्टात रविवारी सकाळी साडेसात ते साडेनऊ फिरा. रस्ते मोकळे असतात आणि तिरका उजेड दगडी इमारतींवरचं कोरीवकाम उठवून दाखवतो. दादरच्या फुलबाजारात पहाटे यशिकाची एफ १.७ लेन्स ४०० च्या रोलवर कामाला येते. पिवळा दिवा लागला की वेग १/३० च्या खाली गेलाय, तेव्हा खांबाला टेकून उभे राहा. गिरगावच्या खोताच्या वाडीत कुणाच्या ओटीकडे कॅमेरा रोखण्याआधी घरातल्यांना विचारा. तिथे माणसं राहतात. मरीन ड्राइव्हला भरतीच्या वेळी गेलात तर घरी येऊन कॅमेरा कोरड्या फडक्याने पुसा, मीठ लपून काम करतं. विसर्जनाच्या गुलालात हा कॅमेरा नेऊ नका, त्यासाठी मोबाइल आहे. जमिनीवर बसून माणसांचे फोटो काढायची आवड लागली तर पुढे कधी दोन लेन्सचा यशिकामॅट बघा. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे तशाच दोन लेन्सच्या रोलायफ्लेक्सने काढलेले फोटो बघितलेत तर कंबरेपाशी धरलेल्या कॅमेऱ्याने माणूस किती सहज दिसतो हे कळेल. त्या मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातच शिकल्या.

रोल भरल्यावर पहिले दोन फोटो फुकट घालवताना डावीकडचा रिवाइंड नॉब फिरतोय ना, हे बघा. फिरत नसेल तर फिल्म पुढे ओढली जात नाहीये, आणि तुम्ही ३६ फोटो हवेत काढणार आहात.

पहिला रोल परीक्षेचा धरा. सोसायटीचं गेट, बाल्कनी, स्टेशन, घरातली माणसं, जवळचं, लांबचं, उन्हातलं, सावलीतलं. प्रत्येक फोटोचं अ‍ॅपर्चर वहीत टिपा. धुऊन आल्यावर मोबाइलवरचे स्कॅन नाही, निगेटिव्ह घेऊन कारागिराकडे जा. प्रत्येक फोटोत त्याच जागी काळा पट्टा असेल तर दाराचा फोम गेलाय. फोटो एकमेकांवर चढले असतील तर रोल पुढे नेणारी चाकं घसरतायत. लांबचं सगळंच धूसर असेल तर रेंजफाइंडर. पट्टी पूर्ण कोरी पण कडेचे आकडे छापलेले असतील तर फिल्म पुढे सरकली नाही किंवा शटर उघडलं नाही. आकडेही नसतील तर दोष धुलाईचा, कॅमेऱ्याचा नाही.